आराखड्यात आपली लेक कुठे आहे?

मैत्रिणींनो, घर बांधायला काढलं की आपण काय करतो? नकाशा हातात आला की आधी स्वयंपाकघर बघतो. ओटा कुठे, खिडकी कुठे, मोरीचं पाणी कुठून जाणार, सासूबाईंना रात्री उठावं लागलं तर संडास किती लांब... घरातले पुरुष पोर्चमध्ये गाडी मावेल का, याचा हिशेब करत असतात आणि आपण रोजच्या जगण्याचा. दोन्ही हिशेब लागतात. पण एकच झाला तर घर दिसायला छान होतं आणि राहायला गैरसोयीचं.

हे आठवायला कारण झालं आमच्या तालुक्याचं कॉलेज. मी तिथलीच माजी विद्यार्थिनी. मध्यंतरी मला तिथून फोन आला, ‘ताई, तुम्हाला महाविद्यालय विकास समितीवर घेतलंय.’ मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू! साडी कुठली नेसायची, याचाही विचार केला. समिती नक्की काय करते, हे मात्र विचारलं नाही.

पहिल्या बैठकीत चहा, बिस्किटं आणि स्पायरल बाइंडिंग केलेला जाडजूड आराखडा. पुढच्या दहा वर्षांत कॉलेज कुठे न्यायचं, त्याचा. मुखपृष्ठावर नव्या प्रवेशद्वाराचं रंगीत चित्र. आत सभागृह, वातानुकूलित सेमिनार हॉल, डिजिटल बोर्ड, सुशोभित बाग. मुलींचं वसतिगृह होतं, पण शेवटून दुसऱ्या पानावर, आणि पुढे कंसात ‘निधी उपलब्ध झाल्यास’. सगळ्यांनी ‘छान, छान’ म्हटलं. मीही म्हटलं. सही केली आणि घरी आले.

त्यानंतर महिन्याभराने आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशी म्हणाल्या, ‘धाकटीचं कॉलेज बंद केलं, ताई.’

मला धक्काच बसला. पोरगी हुशार, बारावी सायन्सला चांगले मार्क, बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला हौसेनं गेलेली. काय झालं? झालं एवढंच, की प्रॅक्टिकल अडीचला सुरू होऊन साडेपाचला सुटायचं आणि तिच्या गावची एसटी सव्वापाचला निघायची. पुढची गाडी मुक्कामी. ती गावात पोहोचेपर्यंत रात्रीचे नऊ. मग पोरगी कधी प्रॅक्टिकल अर्धवट सोडून पळायची, कधी मुक्कामी गाडीनं यायची. जर्नल अपुरं म्हणून सर ओरडायचे, उशीर झाला म्हणून वडील. एक दिवस वडील म्हणाले, ‘पुरे झालं शिक्षण.’

पंधरा मिनिटं, मैत्रिणींनो. फक्त पंधरा मिनिटांनी एका मुलीचं विज्ञान सुटलं. आणि ज्या आराखड्यावर मी सही केली होती, त्यात ही पंधरा मिनिटं कुठेच नव्हती!

मग मात्र मी कायदा शोधून वाचला. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ मध्ये संलग्न महाविद्यालयांसाठी ही समिती सांगितली आहे. संस्थेचे अध्यक्ष आणि सचिव, प्राचार्य, शिक्षकांनी निवडून दिलेले तीन शिक्षक (त्यात किमान एक महिला हवीच), शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी, विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव आणि शिक्षण, उद्योग, संशोधन, समाजसेवा अशा क्षेत्रांतले चार स्थानिक सदस्य. त्या चारांत निदान एक माजी विद्यार्थी. म्हणजे तिथे माझी खुर्ची शोभेची नव्हती! वर्षातून किमान चार बैठका व्हायला हव्यात आणि कॉलेजचा शैक्षणिक, प्रशासकीय आणि पायाभूत सुविधांचा सर्वंकष विकास आराखडा तयार करणं, हे समितीचं पहिलं काम.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सालचं. त्यातही प्रत्येक संस्थेनं आपला विकास आराखडा करावा, असं आहे. तो कुणी करायचा? संचालक मंडळ, संस्थाप्रमुख, प्राध्यापक, विद्यार्थी आणि कर्मचारी, सगळ्यांनी मिळून. विद्यापीठ अनुदान आयोगानं त्यासाठी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचनाही काढल्या. कागदावर तरी कुणी आपल्याला दार बंद केलेलं नाही. आपणच आत जात नाही.

पुढच्या बैठकीला मी एकच गोष्ट मागितली. गेल्या तीन वर्षांत पहिल्या वर्षाला किती मुली आल्या, तिसऱ्या वर्षापर्यंत किती पोहोचल्या आणि मधल्या कुठे गेल्या? खोलीत शांतता. प्रवेशाचे आकडे होते, निकालाचे होते. गळलेल्यांची यादी कुणीच केली नव्हती. ‘लग्नं होतात हो मुलींची, दुसरं काय,’ एक सदस्य म्हणाले. लग्नं होतात, हे खरंच. पण कॉलेज सुटलं म्हणून लग्न उरकलं, की लग्न ठरलं म्हणून कॉलेज सुटलं, हे एकदा तरी विचारायला नको का?

मी एसटीचा विषय काढला, तर अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले, ‘ताई, तो महामंडळाचा प्रश्न. आपण कॉलेजचं बोलू.’ माझा चेहरा पडला. पण प्राचार्य सर म्हणाले, ‘एसटी आपल्या हातात नाही, वेळापत्रक तर आहे.’ लांबच्या गावांच्या मुलींची प्रॅक्टिकलची बॅच सकाळी घेता येते का ते बघितलं. जमलं. खर्च किती? शून्य रुपये. आगार व्यवस्थापकांना पत्र गेलं, त्याचं उत्तर अजून यायचं आहे.

माझं म्हणणं प्रवेशद्वार नको, असं नाही. कॉलेज देखणं असावं, नॅकची समिती आली की आपल्यालाही अभिमान वाटावा. पण दहा वर्षांचा विचार इमारतीपासून सुरू झाला की माणसं उरलेल्या पैशात बसवावी लागतात. माणसांपासून सुरू झाला, तर कुठली इमारत आधी हवी ते आपोआप कळतं. मुली किती गावांतून येतात, हे कळलं की वसतिगृह शेवटून दुसऱ्या पानावर राहत नाही. स्वच्छतागृहात पाणी नसल्यानं मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, हे कळलं की बागेच्या कारंज्याआधी टाकी येते. शिकवायला कायमचे प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती, हे मांडलं की डिजिटल बोर्डापुढे उभं कोण राहणार, हा प्रश्नही पडतो.

सरकारी योजना येतात, त्यांचा उपयोग होतोच. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली. पण तिकीट अर्धं झालं म्हणून गाडी थांबत नाही आणि फी माफ झाली म्हणून रात्री नऊची वाट सुरक्षित होत नाही. ही मधली जागा गावातल्या माणसांनीच भरायची असते.

आणि आपल्या महाराष्ट्राला हे नवं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. गरिबाची मुलं टिकायची तर आधी राहण्या-जेवणाची सोय हवी, हे त्यांनी ओळखलं होतं. वसतिगृहातल्या मुलांना जेवू घालण्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. साताऱ्यात संस्थेचं पहिलं कॉलेज उभं राहिलं ते १९४७ मध्ये. आधी मुलांच्या पोटाचा विचार, मग कॉलेजच्या भिंती. यापेक्षा चांगलं दीर्घकालीन नियोजन दुसरं कुठलं?

म्हणून सांगते, तुमच्या गावातल्या अनुदानित कॉलेजची विकास समिती कोण आहे, ते एकदा विचारा. आराखडा बघायला मागा. संकोच कसला? कॉलेजला अनुदान आपल्याच करातून मिळतं, आणि माहिती अधिकाराचा कायदा २००५ पासून आहेच. पालक सभेचं बोलावणं आलं की ‘तुम्हीच जाऊन या’ म्हणून नवऱ्याला पाठवू नका. भिशीत, हळदीकुंकवात दहा मिनिटं काढा आणि आपल्या गल्लीतली कुठली मुलगी कॉलेज सोडून घरी बसली आहे, याची यादी करा. कारणंही लिहा. ती यादी प्राचार्यांच्या टेबलावर ठेवा. आराखड्याचं पहिलं पान तेच असायला हवं.

मावशींच्या मुलीचं काय झालं, विचाराल. सकाळची बॅच सुरू झाली, तेव्हा मी धावत तिच्याकडे गेले होते. तोवर ती शहरातल्या कापडाच्या दुकानात लागली होती. ‘घरात पगार यायला लागलाय, आता कसं सोडू?’ म्हणाली. बाहेरून बीए करायचं तिनं कबूल केलंय. पण विज्ञान सुटलं ते सुटलंच. मी पहिल्याच बैठकीत तोंड उघडलं असतं तर... हा विचार माझा पिच्छा सोडत नाही.

सकाळच्या बॅचला आता तिच्याच गावच्या दोघी येतात. सव्वापाचच्या गाडीला आरामात पोहोचतात.