शाळा आहे तोवरच कामाची सवय



मागच्या अंकात कॉलेजच्या अर्जांविषयी लिहिल्यावर दोन-तीन घरांतून फोन आले. "आमच्या मुलाला ते अर्ज लागणार नाहीत. त्याच्यासारख्यांचे पुढे काय, तेही लिहा." ऑटिझम, डाऊन सिंड्रोम, बहिरेपण असलेली मुले आपल्या घरांतही आहेत. मंडळाच्या गणपतीला ती कमी दिसतात, एवढेच. या वेळचे पान त्यांच्या आईवडिलांसाठी.

अमेरिकेत १९७५ च्या कायद्यामुळे या मुलांना शाळेत असेपर्यंत पुष्कळ गोष्टी हक्काने मिळतात. शाळा सुटली की हा हक्क संपतो. पुढे प्रत्येक गोष्टीसाठी अर्ज करा, पात्रता दाखवा, रांगेत थांबा! म्हणून कामाचे शिक्षण शाळेत असतानाच सुरू व्हायला हवे. मूल १६ वर्षांचे होईल तेव्हा त्याच्या आयईपीमध्ये शाळेनंतरची योजना असलीच पाहिजे. काही राज्यांत ती १४ व्या वर्षीच लागते. त्या मीटिंगमध्ये सरळ विचारावे, "कामाच्या जागी नेऊन केव्हापासून शिकवणार?" कुठे, आठवड्याला किती तास, सोबत कोण, हे सारे लिहून घ्यावे. तोंडी आश्वासन शिक्षक बदलले की त्यांच्याबरोबर जाते.

दुसरी जागा म्हणजे राज्याचे व्होकेशनल रिहॅबिलिटेशनचे ऑफिस. २०१४ च्या कायद्याप्रमाणे या खात्याला केंद्राकडून मिळणाऱ्या पैशांपैकी निदान १५ टक्के रक्कम अशा विद्यार्थ्यांसाठी राखावी लागते, आणि प्रत्यक्ष कामातून शिक्षण ही त्यातली एक ठरलेली सेवा आहे. त्यासाठी आधी खात्याचा पूर्ण अर्ज मंजूर व्हावा लागत नाही. ही गोष्ट शाळा आपणहून सांगेलच असे नाही.

प्रोजेक्ट सर्च हे नाव लक्षात ठेवा. १९९६ साली सिनसिनाटीच्या मुलांच्या हॉस्पिटलात सुरू झालेला हा उपक्रम आता बऱ्याच राज्यांत आहे. शाळेच्या शेवटच्या वर्षी मुले रोज हॉस्पिटलात किंवा एखाद्या मोठ्या कंपनीत जातात. थोडा वेळ वर्ग, बाकी वेळ काम. वर्षात साधारण तीन विभागांत काम करून पाहतात: सामानाच्या ट्रॉल्या भरणे, उपकरणे पुसून लावणे, कागदपत्रे जुळवणे. वर्षाअखेरीस खऱ्या पगाराची नोकरी मिळावी हा हेतू.

इथे आपल्यातले काहीजण म्हणतात, "ट्रॉल्या भरायला का मुलाला अमेरिकेत वाढवले?" आम्हाला हे पटत नाही. घड्याळ पाहून सुट्टीतून परत येणे, साहेबाने एकदाच सांगितलेले लक्षात ठेवणे, समजले नाही तर विचारणे, एकट्याने बस पकडणे, हे घरी शिकता येत नाही. घरी तर त्याने तोंड उघडायच्या आत डबा भरलेला असतो आणि बुटाच्या नाड्या आजी बांधते. शिवाय एक जागा नावडली तर तेही कळते. गोंगाट सोसत नाही, पण ग्रंथालयात चार तास मन लावून काम होते, हे करून पाहिल्याशिवाय कसे समजणार?

आता एक महत्त्वाचे. नेहमीचा डिप्लोमा हातात घेतला की शाळेची जबाबदारी संपते. तो पुढे ढकलला तर बहुतेक राज्यांत २१ व्या वर्षापर्यंत, काही ठिकाणी २२ पर्यंत, ही सोय चालू राहते. नातेवाइकांना फोटो पाठवायचे असतील तर अनेक शाळा डिप्लोमा न देताही समारंभात टोपी-झगा घालून बसू देतात. आधी विचारून घ्या.

पैशांचेही सांगतो. १८ वर्षे पूर्ण झाली की एसएसआयसाठी आईवडिलांचे उत्पन्न मोजत नाहीत, आणि २२ च्या आतल्या विद्यार्थ्याची काही कमाई हिशेबातून वगळतात. तेव्हा पगारामुळे भत्ता लगेच बंद होईल या भीतीने काम नाकारू नका. मात्र ग्रीनकार्डवाल्यांना एसएसआयचे नियम वेगळे आहेत. एच-४ वर असलेल्या मुलांना पगारी काम करता येत नाही; त्यांनी शाळेतर्फे होणाऱ्या बिनपगारी अनुभवाची चौकशी आधी करावी.

आयईपीचे कागद कोणाबरोबर बसून वाचायचे असतील तर कोजागिरीला अर्धा तास लवकर या. कागद आणा, मुलालाही आणा. मांडामांड करायला आणि दुधाचे पेले भरायला माणसे हवीच आहेत.