‘गाडी किती देते?’ पण कोणत्या वेगाला?

मोटार विकत घेताना भारतीय ग्राहक जो प्रश्न हमखास विचारतो, तो म्हणजे ‘गाडी किती देते?’ विक्रेता एक आकडा सांगतो, माहितीपत्रकात तोच छापलेला असतो आणि घरी परतल्यावर शेजाऱ्यालाही तोच ऐकवला जातो. ‘कोणत्या वेगाला?’ हा पुढचा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. त्याच्याविना मूळ उत्तराला फारसा अर्थ उरत नाही. एकच गाडी, एकच रस्ता आणि एकच चालक असतानाही केवळ वेग बदलला, तर लिटरमागे मिळणाऱ्या अंतरात तिसऱ्या हिश्श्यापर्यंत घट होऊ शकते.

देशभर द्रुतगती मार्गांचे जाळे विणले जात असताना या प्रश्नाकडे कानाडोळा करणे परवडणारे नाही. केंद्र सरकारने २०१८ मध्ये द्रुतगती मार्गांवरील मोटारींची कमाल वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटरपर्यंत नेली. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ताशी १५० किलोमीटरचा वेग गृहीत धरून आखला गेला आणि त्याच्या सपाट भागात १२० ची मर्यादा ठेवण्यात आली. दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गाची ओळखच ‘चोवीस तासांचा प्रवास बारा तासांत’ अशी करून दिली जाते. उद्घाटनाच्या बातम्यांत तास मोजले जातात, खर्चाचे कोटी मोजले जातात. या वेगाने जाणारी गाडी दर किलोमीटरला किती इंधन पिणार, हे कुणीच मोजून सांगत नाही. जो देश आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो, तिथे हे मौन खटकायला हवे.

यामागचे विज्ञान अवघड नाही. सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने धावणाऱ्या मोटारीला मुख्यतः दोन विरोधांशी झुंजावे लागते. पहिला टायरच्या लोटण-घर्षणाचा. तो गाडीच्या वजनावर अवलंबून असतो आणि वेगाबरोबर फारसा बदलत नाही. दुसरा हवेचा, आणि तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दीडपट झाला की हवेचा विरोध सव्वादोन पट होतो. मध्यम आकाराच्या, साधारण बाराशे किलो वजनाच्या मोटारीचा ढोबळ हिशेब मांडला, तर लोटण-घर्षण सुमारे १३० न्यूटन भरते. हवेचा विरोध ताशी ८० किलोमीटरला सुमारे २००, १०० ला सुमारे ३१० आणि १२० ला सुमारे ४५० न्यूटनच्या घरात जातो. म्हणजे ८० वर असतानाच हवेचा वाटा टायरपेक्षा मोठा असतो आणि १२० वर तर एकूण विरोधाच्या तीन चतुर्थांशाहून अधिक जोर केवळ हवा बाजूला सारण्यात जातो. तेवढेच अंतर कापायला ८० च्या तुलनेत १२० वर सुमारे पाऊणपट जास्त ऊर्जा लागते.

इंधनाचा खर्च मात्र नेमका पाऊणपट वाढत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. पेट्रोल इंजिन हलक्या भाराखाली काहीसे अकार्यक्षम असते. भार वाढला की त्याची कार्यक्षमता थोडी सुधारते आणि हवेने केलेले नुकसान काही अंशी भरून निघते. अगदी कमी वेगातही गाडी काटकसरी नसते. इंजिनाचे अंतर्गत घर्षण, पंप आणि वातानुकूलन यांचा खर्च मिनिटामिनिटाला चालूच राहतो आणि त्या मिनिटात अंतर मात्र थोडेच कापले जाते. म्हणून खर्चाचा आलेख दोन्ही टोकांना वर जातो. बहुतेक मोटारींत त्याचा तळ वरच्या गिअरमध्ये, ताशी ८० किंवा त्याहून कमी वेगाला सापडतो. तिथून पुढे हवा वरचढ ठरते.

प्रत्यक्ष मापनेही हेच सांगतात. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या संशोधकांनी ७४ मोटारींच्या माहितीवरून महामार्गावरील वेग आणि इंधन यांचा संबंध तपासला आणि २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. वेग ताशी ५० मैलांवरून ६० मैलांवर, म्हणजे सुमारे ८० वरून ९७ किलोमीटरवर नेला, तेव्हा लिटरमागचे अंतर सरासरी १२.४ टक्क्यांनी घटले. ६० वरून ७० मैलांवर, म्हणजे ११३ किलोमीटरवर जाताना आणखी १४ टक्के घट झाली. ७० वरून ८० मैलांवर, म्हणजे १२९ किलोमीटरवर जाताना आणखी १५.४ टक्के. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीहून महाग ठरली. हीच सरासरी ८० च्या वेगाला लिटरमागे २० किलोमीटर देणाऱ्या गाडीला लावून पाहावी: ९७ ला साडेसतरा, ११३ ला पंधरा आणि १२९ ला पावणेतेरा.

आता हा हिशेब भारतातील रस्त्यावर उतरवू. सातशे किलोमीटरचा प्रवास ९७ च्या स्थिर वेगाने केला, तर सव्वासात तास आणि ४० लिटर पेट्रोल लागते. ११३ च्या वेगाने सव्वासहा तास आणि साधारण साडेशेहेचाळीस लिटर. वाचलेला एक तास साडेसहा लिटर पेट्रोल देऊन विकत घेतलेला असतो. लिटरला शंभर रुपये धरले तरी त्या तासाची किंमत साडेसहाशे रुपये होते, आणि सुमारे पंधरा किलो कार्बन डायऑक्साइड वेगळा. रुग्णालय गाठायचे असलेल्या माणसाला हा सौदा स्वस्त वाटेल. वाटेतल्या फूड मॉलवर अर्धा तास रेंगाळणाऱ्याला तो महागच पडतो. निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. पण किंमत झाकून ठेवलेल्या सौद्याला निर्णय म्हणता येत नाही.

‘समृद्धी’च्या जाहिरातीतील ‘आठ तासांत’ हे वचन याच नजरेने तपासण्याजोगे आहे. ७०१ किलोमीटर आठ तासांत कापायला ताशी ८८ ची सरासरी पुरते. वाटेतले थांबे धरूनही शंभरच्या आसपास गाडी हाकली, तर हे वचन पाळले जाते, त्यासाठी १२० ची गरज पडत नाही. दिल्ली-मुंबईच्या ‘बारा तासां’चे तसे नाही. सुमारे १३५० किलोमीटर बारा तासांत पार करायचे, तर सरासरीच ११० च्या वर राखावी लागते. जेवण, इंधन आणि टोल नाके धरले, तर गाडी जवळजवळ सतत मर्यादेच्या टोकावर ठेवावी लागते. म्हणजे त्या घोषणेत सर्वाधिक इंधन पिणारा वेगच गृहीत धरलेला आहे.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र माहितीपत्रकातील आकड्यावरच आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या मोटारींचे प्रमाणित मायलेज ‘मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल’ या चाचणीतून येत आले आहे. पुण्याची एआरएआय किंवा मानेसरची आयसीएटी यांसारख्या संस्थांत गाडी रोलरवर चढवून ११८० सेकंदांचे ठरावीक वेळापत्रक चालवले जाते. त्यात गाडी जेमतेम साडेदहा किलोमीटर ‘धावते’, सरासरी वेग ताशी सुमारे ३२ असतो आणि कमाल वेग ९०. युरोपच्या ज्या जुन्या चाचणीवर ही बेतली आहे, तिच्यात कमाल वेग १२० होता. भारतात तो ९० वर आणला गेला, कारण तेव्हाच्या भारतीय रस्त्यांचे आणि गाड्यांचे वास्तव तसे होते. ते वास्तव मागे पडले, मर्यादा मात्र तशीच राहिली. परिणामी ज्या वेगात हवेचा विरोध खऱ्या अर्थाने डोके वर काढतो, तो वेग चाचणीत येतच नाही. कायद्याने १२० ची मुभा द्यायची आणि मोजमाप ९० वर थांबवायचे, ही झाकली मूठ सव्वा लाखाची ठेवण्याची तऱ्हा आहे.

याची झळ फक्त ग्राहकाला लागत नाही. २०१७-१८ पासून लागू झालेली आणि २०२२-२३ पासून कडक झालेली कंपन्यांची सरासरी इंधनवापराची मानकेही याच चाचणीच्या आकड्यांवर आधारलेली आहेत. सरासरी ३२ च्या वेगाच्या चाचणीत वजन कमी केल्याचा लाभ ठळक दिसतो, हवेला कमी अडणाऱ्या आकाराचा लाभ मात्र पुसट होतो. मग तो आकार सुधारण्यासाठी उत्पादकाने पैसा का ओतावा? आज देशातील प्रवासी वाहनांच्या विक्रीत निम्म्याहून अधिक वाटा उंच, रुंद छातीच्या एसयूव्ही आणि तत्सम गाड्यांचा आहे. शहरातल्या गर्दीत या आकाराचा तोटा जाणवत नाही. द्रुतगती मार्गावर मात्र प्रत्येक किलोमीटरला त्याची पावती फाडली जाते. छतावर सामानाचा कॅरिअर बसवला, तर ती आणखी वाढते.

यावर तीन आक्षेप ठरलेले असतात. पहिला असा की, आधुनिक इंजिने इतकी कार्यक्षम आहेत की हा जुना हिशेब आता लागू नाही. हवेला इंजिनाच्या मॉडेलचे वर्ष ठाऊक नसते. चांगले इंजिन सर्वच वेगांना कमी इंधन पिते, पण वेग वाढला की त्याचाही खर्च वाढतोच. विजेवरच्या मोटारींत तर हे अधिक उघडे पडते. त्यांच्या मोटरची कार्यक्षमता आधीच उच्च असल्याने इंजिनासारखी ‘भार वाढला की सुधारणा’ फारशी उरत नाही, आणि हवेचा वाढलेला विरोध जवळजवळ थेट बॅटरीवर येतो. ब्रेक लावताना ऊर्जा परत मिळवण्याची सोयही इथे उपयोगी नाही, कारण हवेला दिलेली ऊर्जा परत मिळत नसते.

दुसरा आक्षेप म्हणजे ‘वेळ हाच पैसा’. हे खरेच आहे, आणि म्हणूनच दोन्ही बाजूंचा हिशेब मांडला पाहिजे. वेग जसजसा वाढतो, तसतसा प्रत्येक पुढच्या वाढीतून वाचणारा वेळ कमी होतो आणि जळणारे इंधन अधिक होते. शंभर किलोमीटरच्या प्रवासात ६० वरून ८० वर गेल्याने पंचवीस मिनिटे वाचतात, १०० वरून १२० वर गेल्याने फक्त दहा. वीस किलोमीटरची वाढ तीच, वाचलेली मिनिटे निम्म्याहूनही कमी.

तिसरा आक्षेप असा की, वेगमर्यादा घटवून इंधन वाचवण्याचे प्रयोग जगात फसले आहेत. अमेरिकेने १९७४ मध्ये तेलसंकटात देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा आणली. ती सर्रास मोडली गेली, बचतीबद्दल वाद झडत राहिले आणि १९९५ मध्ये ती पूर्णपणे हटवली गेली. स्पेनने २०११ मध्ये महामार्गावरील मर्यादा १२० वरून ११० केली आणि काही महिन्यांतच मागे घेतली. या उदाहरणांतून एवढेच दिसते की लोकांच्या गळी न उतरलेला नियम टिकत नाही. युक्रेन युद्धामुळे तेलाचे भाव भडकले, तेव्हा मार्च २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने सुचवलेल्या दहा उपायांत महामार्गावरील वेगमर्यादा किमान १० किलोमीटरने घटवण्याचा उपाय होताच.

भारतात इंधनबचतीचा सल्ला देणाऱ्या सरकारी पत्रकांनी वर्षानुवर्षे ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा आदर्श वेग सांगितला. द्रुतगती मार्गावर, मागून ११० ने येणाऱ्या गाड्यांच्या पुढे पन्नासने चालणे धोक्याचे आहे. पाळता न येणारा सल्ला दिला की लोक सगळाच विषय सोडून देतात. ‘शंभरच्या आत राहा’ हा साधा, पाळता येण्याजोगा सल्ला अधिक इंधन वाचवील.

म्हणून मागणी नव्या बंदीची नाही, माहितीची आहे. प्रत्येक नव्या मोटारीच्या माहितीपत्रकात ८०, १०० आणि १२० या तीन स्थिर वेगांचे इंधनाचे आकडे छापणे सक्तीचे व्हावे. द्रुतगती मार्गाच्या प्रवेशाशी वेगमर्यादेच्या फलकाजवळच हा फरक सांगणारा फलक लागावा. भारतात डब्ल्यूएलटीपी ही नवी आंतरराष्ट्रीय चाचणी आणण्याचा प्रस्ताव पुढे आला आहे. तिच्या चौथ्या टप्प्यात वेग ताशी १३१ किलोमीटरपर्यंत जातो. जपानने ही चाचणी स्वीकारताना तो टप्पा वगळला. भारताने १२० ची मर्यादा कायम ठेवून तीच पळवाट घेतली, तर चाचणीचे नाव बदलेल आणि अंधार तसाच राहील.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. आज अनेक गाड्यांच्या डॅशबोर्डवर क्षणोक्षणीचा इंधनवापर दिसतो. गाडी दुसऱ्याच्या हाती असताना शेजारच्या आसनावर बसून सपाट रस्त्यावर ८०, ९०, १०० आणि ११० या स्थिर वेगांचे आकडे वहीत उतरवावेत. उलट दिशेने तोच रस्ता पुन्हा मोजावा, म्हणजे वारा आणि चढ यांचा परिणाम बराचसा वजा होईल. मग आलेख काढून तो माहितीपत्रकातल्या आकड्याशेजारी ठेवावा, आणि पुढच्या वेळी विक्रेत्याला दोन्ही प्रश्न विचारावेत.