हिमोग्लोबिन कमी, पण पेशी जास्त?



मागच्या वेळी पासवर्डबद्दल लिहिलं होतं. या वेळचा विषय कॉम्प्युटरबाहेरचा आहे. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. स्वतःचा रिपोर्ट वाचताना जे शिकलो, तेवढंच लिहितोय.

गेल्या गणेशोत्सवात इथे बडोद्यात रक्तदान शिबिरातून मला परत पाठवलं. हिमोग्लोबिन ११.८ निघालं, आणि रक्त द्यायला किमान १२.५ लागतं. आईने लगेच खजूर, बीट, गूळ-शेंगदाणे सुरू केले. मीही मनानेच लोहाच्या गोळ्या आणल्या. तीन महिने झाले तरी आकडा हलेना. शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सीबीसी करायला सांगितली.

सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजदाद. पेशी तीन प्रकारच्या. तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेतात आणि साधारण १२० दिवस जगतात. पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात. प्लेटलेट रक्त गोठायला मदत करतात. त्या दीड ते साडेचार लाख असाव्यात.

नावं अवघड वाटतात, पण त्यांना नियम आहे. शेवटी ‘पेनिया’ आलं की कमतरता. थ्रॉम्बोसायटोपेनिया म्हणजे प्लेटलेट कमी, जे डेंग्यूत होतं. ‘सायटोसिस’ आलं की बहुधा वाढ. ल्युकोसायटोसिस म्हणजे पांढऱ्या पेशी वाढलेल्या, बऱ्याचदा साध्या संसर्गामुळे. ल्युकेमिया मात्र वेगळा. तो रक्ताचा कर्करोग. नावं सारखी वाटली म्हणून घाबरू नका. आणि ॲनिमिया हे लक्षण आहे, त्याचं कारण शोधावं लागतं.

माझ्या रिपोर्टात गंमत होती. हिमोग्लोबिन कमी, पण तांबड्या पेशी ६१ लाख, म्हणजे जास्तच! एमसीव्ही, म्हणजे पेशीचं सरासरी आकारमान, ८० ते १०० हवं, माझं ६३. थोडक्यात, टेम्पो भरपूर, पण सगळे छोटे. लोह कमी असेल तरी पेशी लहान होतात, पण तेव्हा त्यांची संख्या सहसा वाढत नाही. म्हणून डॉक्टरांनी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, आणि एचबीए२ तपासायला सांगितलं. फेरिटिन व्यवस्थित होतं. एचबीए२ साडेतीनच्या आत हवं, ते ५.२ आलं. थॅलेसेमिया मायनर.

हा जनुकातला बदल जन्मापासूनच असतो. मला त्याचा काही त्रास नाही, औषधही नको. पण डॉक्टरांनी पुढचा प्रश्न विचारला, “मिसेसची तपासणी झालीय?” आई-वडील दोघेही मायनर असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता चारात एक. अशा मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त द्यावं लागतं. आम्ही नुकताच बाळाचा विचार सुरू केला होता. बायकोचा रिपोर्ट यायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत आम्ही घरात फारसं बोललो नाही.

तिचा रिपोर्ट नॉर्मल आला.

मग आईचीही तपासणी केली. तीही मायनर निघाली. “अंगात रक्त कमी” म्हणून तिने वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या खाल्ल्या होत्या. आता मामा, मावशीची मुलं, सगळ्यांना फोन चालू आहेत.

तुमच्या घरी जुना सीबीसी असेल, तर आज एमसीव्हीची ओळ बघा. आकडा ८०च्या खाली असेल, तर गोळ्या आणण्याआधी डॉक्टरांना दाखवा. आणि घरात लग्न ठरत असेल, तर एचबीए२ आधी करून घ्या.