आधी एसईलिनक्स बंद कर!

"लॉगिन होत नाहीये? अरे, आधी एसईलिनक्स बंद कर ना!"

रेड हॅट किंवा तिच्या भावंडांपैकी एखादं लिनक्स सांभाळणाऱ्या माणसाने हे वाक्य ऐकलं नसेल असं होणंच नाही. ऑफिसातला सीनियर सांगतो, क्लासमधला मास्तर सांगतो आणि कहर म्हणजे भरपूर पैसे घेऊन सॉफ्टवेअर विकणारे आपल्या पीडीएफमध्ये छापूनही देतात. सेटएन्फोर्स शून्य. एंटर. चाललं! टिकीट बंद, चहा चालू.

मला या वाक्याचा मनापासून राग येतो आणि आज त्याच रागावर लिहिणार आहे. शनिवार आहे, मी गावी किकवीत आहे, लाइट आहे आणि नेटही आहे. असा योग रोज येत नाही :-)

ज्यांचा या प्रकरणाशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. (बाकीच्यांनी एक परिच्छेद उडी मारली तरी चालेल.) लिनक्समधल्या नेहमीच्या परवानग्या म्हणजे मालकाची मर्जी. फाइल माझी, कोणी वाचायची ते मी ठरवणार. सीएचमॉड ७७७ केलं की गावजेवण! एसईलिनक्सचं तसं नाही. आमच्याकडचं उदाहरण देतो. किकवी हे पुणे-सातारा हायवेवरचं, कापूरहोळ ओलांडलं की येणारं गाव, तालुका भोर. हायवेकाठचं गाव म्हटल्यावर पारावर विषय दोनच, पाऊस आणि जमिनीचे भाव. त्यामुळे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं की सातबाऱ्यावर नाव असणं आणि जमीन विकता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भोगवटादार वर्ग १ असेल तर खुशाल विका. वर्ग २ असेल तर तुम्ही सातबाऱ्यावरचे खातेदार असा नाहीतर गावचे सरपंच, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हस्तांतर नाही. मालक राजी, गिऱ्हाईक राजी, तरी व्यवहार अडतो, कारण शेरा जमिनीच्या कागदावर आहे. एसईलिनक्स हा असाच शेरा आहे. प्रत्येक फाइलवर एक लेबल, प्रत्येक चालू प्रोग्रॅमवर एक लेबल आणि कुठल्या लेबलने कुठल्या लेबलला हात लावायचा याचे नियम. तुम्ही रूट असलात तरीही.

आता सांगा, वर्ग २ चा व्यवहार अडला म्हणून कोणी असं म्हणतं का, की आख्खं तहसील कार्यालयच बंद करा? आपण नेमकं तेच करतो. एका प्रोग्रॅमची एक फाइल अडते आणि त्यासाठी सगळ्या मशीनवरचे सगळे नियम गुंडाळून ठेवतो. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्या जागी जाड तार घालणारे महाभाग गावोगाव असतात, त्यातलाच हा प्रकार.

आणि तार घातल्याची किंमत द्यावी लागते, फक्त ती नंतर येणाऱ्याला. मध्यंतरी एका क्लायंटकडे (नाव विचारू नका) सिक्युरिटी ऑडिट झालं. ऑडिटरने विचारलं, एसईलिनक्स बंद का? कोणालाच माहीत नाही! आधीच्या कंत्राटदाराने कधीतरी कॉन्फिग फाइलमध्ये 'डिसेबल्ड' लिहून ठेवलेलं. यांनी ते बदलून 'एन्फोर्सिंग' केलं आणि मशीन रीबूट केलं. झालं! एसएसएचने कोणी आत जाईना. सर्व्हर रूममध्ये जाऊन कन्सोलवर पासवर्ड टाकला तरी पुन्हा लॉगिन प्रॉम्प्ट. पासवर्ड बरोबर, परवानग्या बरोबर, टर्मिनल मात्र कोणालाच मिळेना. मला फोन आला तेव्हा पलीकडचा पोरगा रडकुंडीला आला होता आणि त्याच्या मागून कोणीतरी ओरडत होतं, "सांगितलं होतं ना, हे एसईलिनक्स बंदच ठेवायचं असतं!"

दोष कोणाचा? बंद असण्याच्या काळात जेवढ्या फाइली तयार झाल्या, त्यांच्यावर लेबलच चढलं नव्हतं. सहा महिने तलाठ्याने नोंदीच केल्या नाहीत आणि मग एका सकाळी म्हणाला, नोंद दाखवा. उपाय सोपा होता. बूट करताना कर्नलला 'एन्फोर्सिंग बरोबर शून्य' असं सांगून आत शिरायचं, मुळाशी 'ऑटोरीलेबल' नावाची रिकामी फाइल ठेवायची, पुन्हा रीबूट, आणि सगळ्या डिस्कवर लेबलं चढेपर्यंत थांबायचं. नंतर काही दिवस पर्मिसिव्हवर चालवून लॉग बघायचे, मगच एन्फोर्सिंग. मोठी डिस्क असल्याने वेळ गेला, पण अक्कल फारशी लागली नाही. त्या कंत्राटदाराने 'डिसेबल्ड'ऐवजी निदान 'पर्मिसिव्ह' लिहिलं असतं तर हा शिमगा टळला असता. पर्मिसिव्हमध्ये अडवाअडवी होत नाही, पण लेबलं चढत राहतात आणि तक्रारी लॉगमध्ये लिहिल्या जातात.

टर्मिनलच्या इतर भानगडीही अशाच किरकोळ असतात. कुणी होम डिरेक्टऱ्या नव्या डिस्कवर हलवल्या आणि एसएसएच की चालेनाशी झाली? हलवलेल्या फाइली बहुतेक वेळा चुकीचं लेबल घेऊन बसतात. नवी जागा जुन्या होमसारखीच मानायची हे सीमॅनेजला सांगा आणि रिस्टोअरकॉन चालवा. दोन ओळी. एसएसएच २२ सोडून २२२२ पोर्टवर नेलं आणि सेवा उठेना? त्या पोर्टला एसएसएचचं लेबल द्या. एक ओळ. सेटएन्फोर्सची पण एकच ओळ असते, पण ती भलत्या ठिकाणची!

मला खरं आवडतं ते अपाचेचं प्रकरण. वेबसर्व्हरच्या सर्टिफिकेटची की पासफ्रेजने बंद केलेली असेल तर ती पासफ्रेज टर्मिनलवर विचारायला अपाचेला टर्मिनल लागतं. ते द्यायचं की नाही यासाठी एसईलिनक्समध्ये 'एचटीटीपीडी टीटीवाय कॉम' नावाचं वेगळं बटण आहे. लोक म्हणतात, काय हा छळ! एवढ्यासाठी बटण?

हो, एवढ्यासाठीच. टर्मिनल म्हणजे तुम्ही पासवर्ड टाइप करता ती जागा. युनिक्समध्ये टायॉकएसटीआय नावाची एक जुनी सोय आहे. तिच्यामुळे एखादा प्रोग्रॅम तुमच्या टर्मिनलमध्ये अशी अक्षरं ढकलू शकतो, जणू ती तुम्हीच टाइप केली. समजा रूट म्हणून तुम्ही एखादी बिघडलेली सेवा हाताने सुरू केलीत आणि तिने जाता जाता तुमच्या प्रॉम्प्टवर एक कमांड ढकलली, तर? ही सोय बंद करण्याचा पर्याय लिनक्स कर्नलमध्ये आला तो २०२३ साली, ६.२ मध्ये! म्हणजे एवढी वर्षं हे भोक उघडं होतं, आणि आपण म्हणणार की बाहेरच्या जगाशी बोलणाऱ्या वेबसर्व्हरला माझं टर्मिनल का देत नाही?

"आमचं सगळं फायरवॉलच्या मागे आहे," हे पुढचं लाडकं वाक्य. २०१९ च्या फेब्रुवारीत रनसीमधली चूक बाहेर आली. कंटेनरमधून बाहेर पडून होस्टवरचा रनसी प्रोग्रॅमच बदलून टाकता येत होता. तिथे फायरवॉल काय करणार, कप्पाळ? रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ वर एसईलिनक्स नेहमीच्या एन्फोर्सिंग अवस्थेत असेल तर मात्र हा हल्ला अडत होता. म्हणजे पॅच यायच्या आधीपासून ज्यांनी ते चालू ठेवलं होतं ते वाचले, आणि पीडीएफवाल्यांचं ऐकलेले रात्रभर जागले. आणि हो, ज्या अँड्रॉइड फोनवर तुम्ही "एसईलिनक्स कसं बंद करायचं" हे शोधता, त्यात २०१४ च्या ५.० पासून एसईलिनक्स पूर्ण एन्फोर्सिंगवर आहे. किकवीच्या स्टँडवरच्या भेळवाल्याच्या फोनलाही आपल्या प्रॉडक्शन सर्व्हरपेक्षा जास्त शिस्त!

आता थोडं करणाऱ्यांनाही सुनावतो, नाहीतर म्हणाल हा भक्तच निघाला. अमेरिकेच्या एनएसएने हे २००० साली जगासमोर ठेवलं, २००३ मध्ये ते मूळ कर्नलमध्ये गेलं आणि २००५ च्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ४ पासून आपल्या गळ्यात आलं. एवढ्या काळात एरर मेसेज मात्र सुधारला नाही. स्क्रीनवर फक्त 'परमिशन डिनाइड', आणि कारण ऑडिट लॉगमधल्या एका अशा ओळीत जी सुताराच्या हिशेबाच्या वहीसारखी दिसते. त्यातही काही नकार 'डोन्टऑडिट' नियमांमुळे लॉगमध्ये येतच नाहीत. प्रोग्रॅम मुका, लॉगही मुका! अशा वेळी सेमॉड्यूल 'डॅश डीबी' देऊन ते मौन सोडवायचं, चूक पुन्हा घडवून लॉग बघायचा आणि नुसतं 'डॅश बी' देऊन मौन परत लावायचं. हे किती जणांना कोणी शिकवलंय? आणि 'ऑडिट टू अलाऊ' नावाचं यंत्र तर असं, की जो नकार दिसेल त्याला डोळे मिटून परवानगी लिहून देतं. न वाचता ते चालवणारा माणूस सेटएन्फोर्सवाल्याचा सख्खा भाऊच.

अगदीच घाई असेल, क्लायंट उरावर बसला असेल, तर फक्त त्या एका प्रोग्रॅमचं डोमेन पर्मिसिव्ह करता येतं. सीमॅनेज पर्मिसिव्ह, पुढे डोमेनचं नाव. बाकी मशीन बंदोबस्तात राहतं आणि तुम्हाला लॉग वाचायला निवांत वेळ मिळतो. असो.

गेल्या महिन्यात एका विक्रेत्याची पीडीएफ आली, तिच्यात पायरी एक, एसईलिनक्स बंद करा. मी ती खोडून तिथे तीन ओळी लिहिल्या: त्यांच्या पोर्टचं लेबल, त्यांच्या डिरेक्टरीचं लेबल, रिस्टोअरकॉन. टेस्ट मशीनवर सगळं चाललं, तसं कळवलं. उत्तर आलं, "नोटेड." या आठवड्यात नवी आवृत्ती आली. पायरी एक जिथल्या तिथे. पुन्हा खोडून पाठवली आहे.