रुग्णाची नोंद कोणाच्या खिशात?

रुग्णालयातील खाटेशी अडकविलेल्या केसपेपरची जागा आता मोबाईल आणि टॅब्लेट घेऊ लागले आहेत. रक्ततपासणीचा अहवाल, क्ष-किरण चित्र, पूर्वी दिलेली औषधे हे सारे डॉक्टरांस रुग्णाच्या उशाशीच पाहावयास मिळावे, ही अपेक्षा रास्त आहे. तिचे आम्ही स्वागतच करतो. परंतु हे यंत्र कोणाच्या मालकीचे आणि त्यातील नोंद कोणाच्या ताब्यात, याचा निर्णय त्याआधी झाला पाहिजे.

सोलापुरास या सुधारणेची निकड विशेष आहे. गावात ज्याला सारे ‘सिव्हिल’ म्हणून ओळखतात, त्या सर्वोपचार रुग्णालयात अक्कलकोट-मंगळवेढ्याचे रुग्ण येतात, तसेच धाराशिव जिल्ह्यातून आणि सीमेपलीकडील विजयपूरहूनही येतात. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषांच्या या गर्दीत एकच नाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी लिहिले जाऊ शकते. जुना केसपेपर घरी राहिला, की तपासण्यांना पुन्हा आरंभापासून सुरुवात! सप्टेंबर 2021 मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा चौदा आकडी ‘आभा’ क्रमांक अशा घोटाळ्यावर चांगला उतारा ठरू शकेल. औषध देण्यापूर्वी परिचारिकेने मनगटावरील पट्टी आणि हातातील नोंद ताडून पाहिली, तर एकाचे औषध दुसऱ्यास जाण्याचा धोका पुष्कळच कमी होईल.

तथापि सरकारी यंत्रणा सावकाश चालते, आणि आजार तिच्यासाठी थांबत नाही. म्हणून निवासी डॉक्टर स्वतःच्या फोनने अहवालाचे छायाचित्र काढतो आणि व्हॉट्सॲपवरून वरिष्ठांना धाडतो. मध्यरात्री अशा एका चित्राने रुग्णाचे प्राण वाचू शकतात. त्या तरुण डॉक्टरास दोष देण्याचे आमच्या मनातही नाही. पण काम सरले तरी चित्र फोनमध्येच राहते. तो फोन घरी जातो, मुलांच्या हाती पडतो, हरवतो, विकलाही जातो. क्षयरोग, गर्भपात, मानसिक व्याधी यांचा नुसता उल्लेख बाहेर फुटला, तरी कुणाची नोकरी जाते, कुणाचे ठरलेले लग्न मोडते. एचआयव्हीबाधिताची माहिती त्याच्या संमतीवाचून उघड करण्यास 2017 च्या कायद्याने मनाई केली आहे. परंतु ज्या फोनवर कोणाची देखरेख नाही, त्याच्यापुढे कायदा तरी काय करणार?

नोंदी रुग्णालयाच्या संगणकात ठेवल्या म्हणजे सारे निर्धास्त झाले, असेही नव्हे. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’वर सायबर हल्ला झाला, आणि देशातील त्या अग्रगण्य संस्थेस कित्येक दिवस कागद-लेखणीवर कारभार हाकावा लागला. कागदाची सवय मोडलेल्या रुग्णालयावर असा प्रसंग आला, तर तेथील रुग्णांचे हाल कोणी पाहावेत?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. वॉर्डातील यंत्रे रुग्णालयानेच पुरवावीत आणि ती वॉर्डाबाहेर जाऊ नयेत. कोणती नोंद कोणी, केव्हा उघडली, याची खूण आपोआप राहावी. वीज वा संगणक बंद पडल्यास चालू औषधोपचाराचा छापील कागद खाटेपाशी हजर असावा. मागणी केल्यापासून 72 तासांच्या आत नोंदींची प्रत देण्याचे बंधन 2002 च्या वैद्यकीय आचारनियमांनी डॉक्टरांवर घातलेच आहे. हा आपला हक्क रुग्णास त्याच्या भाषेत समजावून सांगावा.

यावर खर्चाची सबब पुढे करण्यात येईल. परंतु वॉर्डाचे काम डॉक्टरांच्या खाजगी फोनवर भागविणे ही काटकसर नव्हे. तो खर्च रुग्णाच्या अब्रूतून वसूल होत असतो, आणि रुग्णाला त्याची कोणी पावतीही देत नाही.