गवत समजून उपटलेली शिंदी

मागच्या पावसाळ्यात सावरगावला घरी होतो. संत्र्याच्या बागेत निंदण चालू होतं आणि मीही मोठ्या उत्साहात धुऱ्यावरचं गवत उपटत होतो. आजी ओरडली, "अरे बापा, गवत नोहे ते, शिंदी हाय!" तोवर सात-आठ रोपं गेली होती.

लाज वाटली. २०२३ साली पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, त्याआधी आम्ही छिंदवाड्याचे. ते नाव छिंदाच्या झाडांवरून पडलं असं मानतात, आणि छिंद म्हणजेच आपली शिंदी. जिल्ह्याच्या नावातलं झाड मला ओळखू आलं नाही!

पण चूक होण्यासारखीच आहे. शिंदीचं पहिलं पान झावळीसारखं नसतंच. एकच अरुंद, उभं पातं. बोटांत धरलं की मात्र फरक कळतो: ते ताठ असतं आणि त्याला लांबीच्या दिशेनं घड्या असतात. बाजूची माती हलकेच उकरा. थोड्या अंतरावर बी सापडते, एका बाजूला लांब खाच असलेली, आणि पांढऱ्या देठानं रोपाला जोडलेली. पुढे पान चिरत जातं. तेव्हा पातं आडवं कापून पाहावं. शिंदीचं पातं पन्हळीसारखं वर उघडं असतं, नारळाचं घराच्या आढ्यासारखं उलटं. शिंदीची खालची पाती काटे होतात, मग ओळख आपोआपच पटते.

आता माझं म्हणणं. झावळ्यांच्या रविवारी आपण झावळ्या हातात घेतो. प्रभूच्या यरुशलेम प्रवेशाची गोष्ट चारही शुभवर्तमानांत आहे, पण खजुरीचं नाव फक्त संत योहान घेतो. शिंदी त्या खजुरीची सख्खी चुलत बहीण. पुष्कळ ठिकाणी हल्ली कुंडीतल्या अरेका पामची पानं वापरतात. काटे नाहीत, सोय आहे, कबूल. पण जिथे शिंदी तोडतात तिथेही कोवळा मधला कोंब ओरबाडला तर झाड मरतं, कारण त्याला वाढायला तेवढी एकच जागा असते. म्हातारी झाडं अशी जातात आणि धुऱ्यावरची पिल्लं तणनाशकाखाली. मग भक्तीच्या नावाखाली आपण नुसतं घेतच राहतो.

वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा, तेही ख्रिस्तीच, सांगत होते की गूळ पडीक जमिनीवरच्या ताड-शिंदीचा करा, उसाची चांगली जमीन धान्याला ठेवा. आपल्याला तर गूळही करायचा नाही, फक्त रोप उपटायचं नाही.

मंडळाच्या मित्रांना माझी एवढीच विनंती आहे: या वर्षी ज्या गावातून झावळ्या आणाल, तिथे खाली वाकून रोपं शोधा आणि त्यांच्याभोवती चार काटक्या रोवा. आमच्या धुऱ्यावर सध्या पाच रोपं काटक्यांत आहेत. शेजारचे काका विचारतात, "काऊन रे, मादी हाय का नर? नर असून फायदा काय?" ते फुलोरा आल्याशिवाय कळत नाही, आणि फुलोऱ्याला वर्षं लागतात. काकांना अजून पटलेलं नाही.