मेहरूणच्या बोराचे चित्र

ओढूनताणून जोडलेल्या नात्यास आपण 'बादरायण संबंध' म्हणतो. यजमानाच्या दारी बोरीचे झाड आणि पाहुण्याच्या गाडीचे चाक बोरीच्या लाकडाचे, एवढ्यावर सोयरीक! मेहरूण आणि ॲम्स्टरडॅम ह्यांचे नाते आम्ही सांगू लागलो तर वाचक हेच म्हणतील. परंतु हे नाते खरोखरीच बोरीचे आहे.

कोचीनच्या डच कारभाऱ्याने, व्हान ऱ्हीड ह्याने, मलबारातील वनस्पतींचा 'हॉर्टस मलबारिकस' हा लॅटिन ग्रंथ सिद्ध केला. त्याचे बारा खंड १६७८ ते १६९३ ह्या काळात ॲम्स्टरडॅम येथे छापले गेले. चित्रे मलबारात काढली आणि हॉलंडात ताम्रपटांवर कोरली. रंगभट, विनायक पंडित व आपूभट ह्या तिघा कोंकणी ब्राह्मण वैद्यांनी ह्या कामी साह्य केले. त्यांचे नागरी लिपीतील साक्षपत्र पहिल्या खंडात आहे. चौथ्या खंडात 'पेरिन तोद्दली' ह्या मलयाळी नावाखाली आपली बोर आहे.

तथापि ते चित्र 'ही बोर' इतकेच सांगते. 'कोणती बोर' हे सांगत नाही. आपल्या भावप्रकाशाने आकारावरून सौवीर, कोल व कर्कंधू असे भेद केले, पण ते शब्दांत. एकाच फळाच्या निरनिराळ्या जाती चित्रांनी वेगळ्या दाखविण्याचे काम युरोपातील फलग्रंथांनी केले. दुहामेल द्यु मोंसो ह्याचा १७६८ सालचा पॅरिस येथील दोन खंडांचा ग्रंथ त्यांतील एक प्रमुख होय.

हा खटाटोप कशासाठी? बी पेरून मूळ झाडासारखेच फळ येईल असा नेम नसतो. जात राखावयाची तर गावठी बोरीच्या खुंटावर त्या जातीचा डोळा भरावा लागतो. डोळा देणारे शेवटचे झाड तुटले की जात संपली. चित्र तिला परत आणणार नाही, हे खरे. परंतु कोठे बांधावर एखादे झाड उरले असेल, तर ते तेच होय की नव्हे, हे ठरविण्यास साक्षीदार हवा.

मेहरूण आता जळगाव शहरातच सामावले आहे. जमिनीस घरांचा भाव आला की बोरीची बाजू कोण घेणार? उमराण, कडाका ह्यांच्याबरोबर मेहरूणचे नाव बोरांच्या जातींत घेतले जाते. पण गावाचे नाव फळास मिळाले म्हणून झाड सुरक्षित राहत नाही.

छायाचित्र आहे की, असे कोणी म्हणेल. ते एका दिवसाचे असते. बोरीस फूल पावसाळ्याच्या अखेरीस येते, फळ पौष-माघात पिकते. जुने चित्रकार फूल व फळ एकाच पानावर आणीत; त्यासाठी झाडाकडे दोनदा जावे लागे.

म्हणून आमची सूचना अशी. येत्या संक्रांतीस सुगडांत घालावयाची, बोरन्हाणास मुलांवर उधळावयाची बोरे घरी येतील, तेव्हा ती कोणत्या झाडाची हे विचारावे. मुलांकडून काटेरी डहाळी, पानाची वरची हिरवी व खालची पांढुरकी लवदार बाजू, अखंड फळ, कापलेले फळ आणि आठळी मूळ मापाने काढवावी. फुलासाठी जागा मोकळी सोडावी. खाली गाव, झाडाची जागा व तारीख लिहावी. आणि शक्य असेल तेथे त्याच झाडाचा एक डोळा दुसऱ्या खुंटावर भरून घ्यावा. चित्र साक्षीस राहील. वंश मात्र डोळ्यानेच चालेल.